तान्हा पोळा : आम्हा भावंडांचा एक लाकडी नंदी आणि त्याच्या मागचा लांबलचक इतिहास

विदर्भाबाहेरच्या लोकांना तान्हा पोळा म्हटलं की त्यांना पोळाच वाटतो, म्हणजे शेतकऱ्याचा, खऱ्या बैलांचा. तो आमचा मोठा पोळा, श्रावण अमावस्येचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी भाद्रपद प्रतिपदेला जो भरतो तो लेकरांचा. त्यात बैल लाकडाचा असतो, पायाखाली फळी, फळीला चार चाकं, पुढे ओढायला दोरी. आम्ही त्याला नंदीच म्हणतो. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या सगळ्या पट्ट्यात संध्याकाळच्या वेळी नवे कपडे घातलेली पोरं-पोरी आपापला नंदी खडखड ओढत मारुतीच्या देवळासमोर किंवा चौकात जमतात, नंदींची पूजा होते, सजावटीचं बक्षीस असतं, आणि मग घरोघरी जाऊन बोजारा गोळा करायचा. बोजारा म्हणजे पोळ्याची ओवाळणी समजा, कोणी पैसे देतं, कोणी चॉकलेट, कोणी घरात केलेलं काहीतरी खायला.

आमच्या घरी आम्ही चुलत-सख्खे मिळून बरेच जण आणि नंदी एकच. सागवानाचा, आजोबांच्या लहानपणीचा, एक शिंग थोडं झिजलेलं. दरवर्षी नवीन नंदी कोणीच घेत नसे, अजूनही बऱ्याच घरांत घेत नाहीत, तो वर्षभर माळ्यावर गोणपाटात बांधून असतो आणि पोळ्याच्या चार दिवस आधी खाली येतो. मग कोण रंगवणार, कोण झूल शिवणार, दोरी कोण धरणार यावर जी काय भांडणं व्हायची ती मी कुठल्याच दुसऱ्या खेळण्यासाठी पाहिली नाहीत. दादा मोठा म्हणून दोरी त्याच्याकडे, ताईकडे सजावट, आणि आम्ही लहान लोक मागून ढकलायचो, चाक अडकलं की मोकळं करायचो. पण प्रत्येक घराच्या फाटकाशी आलं की दोरी लहानाच्या हातात द्यायची हा ताईने केलेला नियम होता, कारण लहान पोराला बोजारा जास्त मिळतो! आणि जमलेले सगळे पैसे घरी येऊन ओट्यावर सारखे वाटायचे, ढकलणाऱ्याला आणि दोरीवाल्याला एकच हिस्सा. ताईच्या त्या वाटणीत कधी कोणाचं काही कमी पडलं नाही हे मी आजही सगळ्यांना सांगते.

आता हे सगळं सुरू कुठून झालं. नागपुरात सर्वात जास्त सांगितली जाणारी गोष्ट भोसल्यांची आहे. नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले, म्हणजे १७८८ ते १८१६ या काळात गादीवर असलेले, यांनी लहान मुलांना बैलाचं महत्त्व कळावं म्हणून लाकडी बैलांचा पोळा भरवायला सुरुवात केली असं मानतात, आणि साल १८०६ असं सांगितलं जातं. तो काळ बघितला तर मला ही गोष्ट अजून जवळची वाटते. १८०३ मध्ये इंग्रजांशी झालेल्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला, त्याच डिसेंबरात देवगावचा तह झाला, कटकचा प्रांत गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही हातातून गेला. म्हणजे राज्य एकदम लहान झालेलं, तिजोरीवर ताण, आणि अशा वर्षांत राजवाड्याच्या आवारात पोरांसाठी लाकडाचे बैल उभे केले जातात, त्यांना खाऊ वाटला जातो. नागपूरच्या महाल या भागात भोसल्यांचा वाडा आहे, तिथे तान्हा पोळ्याची ही परंपरा आजही मानाने सांभाळली जाते.

मला स्वतःला असं वाटतं की राजाने सुरू केलं म्हणून हे टिकलं असं पूर्ण खरं नसावं. मोठ्या पोळ्यात बैल सजलेले, ढोल वाजत असतो, गर्दी असते, बैल बिचकतात, आणि तोरण तुटून पोळा फुटला की जोड्या एकदम सुटतात, त्यात पाच-सहा वर्षांच्या लेकराला कोण जवळ जाऊ देणार. लेकरं नुसती लांबून बघत राहणार. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या उंचीचा पोळा, ही गरज गावोगावच्या आयांनाही वाटलीच असणार. राजवाड्याने तिला मान दिला आणि मग ती मोहल्ल्या-मोहल्ल्यात पसरली.

आणि लेकरांचा पोळा मोठ्या पोळ्याची हुबेहूब नक्कल असतो, हे मला यात सर्वात आवडतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खऱ्या बैलांची खांदशेकणी असते, जू ठेवून घट्टे पडलेले खांदे हळद आणि तूप लावून शेकतात आणि बैलाला जेवणाचं आमंत्रण देतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या". आम्ही पण नंदीच्या लाकडी खांद्याला हळद चोळायचो आणि त्याच्या कानात हेच म्हणायचो, अगदी गंभीरपणे, दादा तर हात जोडून. मोठ्या बैलाच्या शिंगाला बेगड तर नंदीच्या शिंगाला चॉकलेटची चांदी, त्याच्या डोक्याला मठाट्या म्हणजे सजावटीचे दागिने आणि बाशिंग तर याला ताईच्या जुन्या ओढणीची किनार. झडत्याही व्हायच्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची गमतीची कवनं. मोठ्या पोळ्यात माणसं तालात झडती म्हणतात आणि शेवटी सगळे मिळून "हर बोला हर हर महादेव" करतात, तेच आम्ही अंगणात करायचो आणि त्यातल्या सासू-सुनेच्या ऐवजी शाळेतल्या बाई आणि गणिताचे सर यायचे.

तान्हा पोळ्याच्या दिवसाची सकाळ मात्र वेगळीच असते. पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या म्हणजे मेढे ठेवलेले असतात, ते पहाटे उचलून "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत गावाबाहेर नेऊन टाकायचे. नागपूर शहरात याचीच मोठी मिरवणूक झाली, काळी आणि पिवळी मारबत म्हणजे बाईचे मोठे पुतळे, सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, त्यावर त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचं नाव. काळी मारबत ही भोसले घराण्यातल्या बाकाबाईंची म्हणून सांगतात, इंग्रजांना सामील झाल्याचा राग लोकांनी तिच्यावर काढला अशी आख्यायिका आहे. बाकाबाई याच दुसऱ्या रघुजींच्या राणी. म्हणजे एकाच दिवशी सकाळी राणीच्या नावाने राग आणि संध्याकाळी राजाच्या नावाने लेकरांचा लाड, एकाच घराण्याच्या दोन आठवणी शहराने अशा वाटून घेतल्यात.

पण चाकावरचा बैल हे खेळणं भोसल्यांपेक्षा फारच जुनं आहे. हडप्पा, मोहेंजोदडोला उत्खननात भाजलेल्या मातीच्या छोट्या बैलगाड्या ढिगाने सापडल्यात, मधे भोक असलेली मातीची भरीव चाकं सापडलीत, आणि मोहेंजोदडोचा एक बैल तर असा आहे की ज्याचं डोकं वेगळं करून दोरीने अडकवलेलं, दोरी ओढली की मान हलवतो. साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या घरातल्या पोरांसाठी हे केलं, आणि त्या घरात दोन भावंडं असतील तर दोरी कोणी ओढायची यावरून भांडण झालंच असेल, याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही.

आपल्या महाराष्ट्रातला पुरावा तर अजून भारी आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद आहे, तिथे १९७४ मध्ये झाडाची मुळं खणताना जमिनीतून चार कांस्य मूर्ती निघाल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक म्हैस आणि एक रथ, त्या रथाला दोन बैल जुंपलेले आणि वर माणूस उभा. सगळ्या भरीव ओतीव, चारही मिळून साठ किलोच्या वर वजन. ही खेळणी नव्हेत, एवढं जड लेकरू काय ओढणार, बहुतेक कुठल्या तरी धार्मिक मिरवणुकीत ओढत असतील असं अभ्यासकांना वाटतं. पण प्राण्याच्या पायाखाली चाकं लावायची, दोरीने ओढत चारचौघांतून न्यायचं, हा प्रकार बघा. जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वी याच दख्खनच्या मातीत तो होता. मी त्या रथाचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा थेट दादाला पाठवला आणि त्याचा एका ओळीत रिप्लाय आला, "हा तर आपला नंदी."

नंतरच्या काळात खेळण्यातली गाडी चक्क एका संस्कृत नाटकाच्या नावात जाऊन बसली. शूद्रकाचं मृच्छकटिक म्हणजे मातीची गाडी. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या पोराची सोन्याची गाडी खेळून आलाय आणि आता घरची मातीची गाडी नको म्हणून रडतोय, रदनिका त्याला समजावतेय, आणि वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते की घे बाळा, यातून सोन्याची करून घे. पुढे तेच दागिने न्यायसभेत चारुदत्ताच्या विरुद्ध पुरावा म्हणून पडतात आणि बिचारा सुळापर्यंत पोचतो. मराठी रंगभूमीवर देवलांनी हे नाटक आणलं म्हणून आपल्याकडे ते घराघरात ठाऊक झालं. आपल्या खेळण्यापेक्षा शेजारच्याचं भारी वाटणं हे किती जुनं आहे! आमच्याही गल्लीत एका घरी पितळी घुंगरांचा उंच नंदी होता आणि तो बघून आल्यावर माझ्या धाकट्या भावाने दोन दिवस आपल्या नंदीकडे बघितलं नाही, शेवटी आजीने तिच्या जुन्या पैंजणाचे घुंगरू काढून त्याच्या गळ्यात बांधले तेव्हा तो खुलला.

लाकडाचा नंदी सगळ्यांना परवडायचा असं नाही हेही सांगायला पाहिजे. गावात सुतार हा बलुतेदार, वखर, तिफण, बंडी म्हणजे बैलगाडी यांची दुरुस्ती हे त्याचं मुख्य काम, त्यातून उरलेल्या तुकड्यात तो आपल्या ओळखीच्या घरच्या लेकरासाठी नंदी करून द्यायचा. ज्याच्याकडे जमीन आणि खरी बैलजोडी त्याच्याकडे सागवानी नंदी, बाकीच्यांची पोरं काळ्या मातीचे बैल करायची, डोळ्यांच्या जागी गुंजा दाबायची. ज्वारीच्या धांड्यांची बंडी तर सगळेच करायचे, धांड्याचा वरचा कडक भाग सोलून त्याच्या काड्या आणि आतला मऊ गाभा तुकडे करून, एक पैसा न लागता सुंदर दोन चाकी गाडी व्हायची, फक्त ती संध्याकाळपर्यंत टिकायची. पश्चिम महाराष्ट्रात आषाढात बेंदराला घरोघरी मातीचे बैल आणून पुजतात ते यांचेच भाऊबंद. आणि पूर्वेला छत्तीसगडात गेलं तर त्याच अमावस्येला पोरा नावाचा सण असतो, तिथे पोरं मातीचा नांदिया बैल ओढतात आणि पोरी मातीची भांडी, छोटं जातं घेऊन स्वयंपाक खेळतात. छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरच्या भोसल्यांच्या राज्याचाच भाग होता, तेव्हा हे सण एकमेकांना किती ओळखत असतील याचा अंदाज येतो. फरक एवढाच की तिथे मुलामुलींचे खेळ वेगवेगळे ठरलेले, आमच्याकडे ताईने नंदीवर पहिल्यापासूनच हक्क सांगितला आणि आता तर तान्हा पोळ्यात मुली मुलांच्या बरोबरीने दिसतात, धोतर-फेटा बांधून सुद्धा येतात.

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावाचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. तिथला तान्हा पोळा मोठमोठ्या नंदींसाठी प्रसिद्ध आहे, लेकराच्या हातातलं खेळणं वाढत वाढत माणसाच्या डोक्यावर गेलंय, ओढायला अख्खं घर लागतं. आजोबा, काका, बहिणी, जावई, सगळे दोरीला. बाहेरगावी नोकरीला गेलेले लोक दिवाळीला नाही जमलं तरी तान्हा पोळ्याला सिंदीला येतात असं तिथली माणसं अभिमानाने सांगतात.

शेतातले बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, मोठ्या पोळ्याच्या तोरणाखाली जोड्या आधीपेक्षा विरळ झाल्या हे दिसतंच. शहरातल्या कितीतरी लेकरांनी खरा बैल जवळून बघितलेला नाही, त्यांची पहिली ओळख लाकडाच्या नंदीशी. तरी तान्हा पोळा उलट वाढतोय. सोसायट्यांमधे भरतो, नगरसेवक सायकली बक्षीस देतात, फॅन्सी ड्रेस असतो, पोळ्याच्या आठवड्यात नागपूरच्या महाल-इतवारीकडे रस्त्याच्या कडेला लाल-पांढरे नंदी ओळीने मांडलेले असतात, तळहातावर मावेल इतक्यापासून ते कमरेपर्यंत. २०२० मध्ये कोरोनामुळे चौकात भरवता आला नाही तर लोकांनी गच्चीवर, हॉलमधे भरवला, व्हिडीओ कॉलवर झडत्या म्हटल्या. मला मशीनवर कापलेले, फॅक्टरी पेंट मारलेले नवीन नंदी तितके आवडत नाहीत, त्यांची चाकं आवाज करत नाहीत, पण लेकराच्या हातात दोरी आहे ना, मग माझी काही तक्रार नाही.

आमचा नंदी आता दादाकडे आहे, पुण्याला. त्याच्या मुलीला आणि माझ्या मुलाला एकच नंदी म्हणून वाटणी ताईनेच फोनवर लावून दिली, एक वर्ष पुण्यात, एक वर्ष नागपुरात, आणि ज्या वर्षी तो ज्यांच्याकडे नसेल त्यांनी तो सजवायचं सामान पाठवायचं. यंदा झूल आमच्याकडून जातेय, मुलगा टिकल्या चिकटवत बसलाय.