नमुन्याचं ताट आणि डोक्यातली गाठ

परवा सांगलीच्या विश्रामबागेत सकाळच्या कट्ट्यावर एकाने मोबाईल पुढे केला. "सर, हे वाचा. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर डोक्यात कॅन्सरची गाठ होत नाही म्हणे." शेजारच्याने लगेच कपाळावरचा जुना व्रण दाखवला, जणू विम्याची पावतीच.

फॉरवर्ड अगदीच खोटा नव्हता. ग्लायोमा म्हणजे मेंदूतल्या मज्जापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींशी नातं सांगणारा कॅन्सर. तो झालेल्यांमध्ये कांजिण्या येऊन गेलेले लोक थोडे कमी आढळतात. 2016 मध्ये आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हा फरक साधारण वीस टक्क्यांचा निघाला. दमा, इसब, ॲलर्जी असलेल्यांबाबतही असंच दिसतं. पण वीस टक्के कशाचे? ग्लायोमातला सर्वांत घातक प्रकार, ग्लायोब्लास्टोमा, अमेरिकेत वर्षाला लाखामागे जेमतेम तिघांना होतो. तिनाचे वीस टक्के कमी केले तर अडीचच्या आसपास उरतात. व्रणवाल्यांनी निवांत व्हावं आणि बाकीच्यांनी घाबरावं, असं यात काही नाही.

शास्त्रज्ञांना छळणारा प्रश्न वेगळाच आहे. प्रतिकारशक्ती तिखट होती म्हणून गाठ झाली नाही, की गाठीनेच प्रतिकारशक्ती दाबली? ग्लायोमा ती दाबतो हे माहीत आहे, आणि मेंदूची सूज उतरवायला दिलेली स्टेरॉइड्सही दाबतात. म्हणजे गाठ सापडल्यावर रुग्णाचं रक्त तपासणं हे कृष्णेचा पूर ओसरल्यावर पडकी भिंत बघून ती मुळात कच्ची होती का, हे सांगण्यासारखं आहे. त्यासाठी घराचा पुराआधीचा नकाशा हवा. आईवडिलांकडून आलेली जनुकं हा तो नकाशा. गाठ काहीही करो, तो बदलत नाही.

या नकाशातली सगळ्यात गजबजलेली गल्ली सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर आहे. तिचं नाव एचएलए. घरात कुणाची किडनी बदलायची वेळ आली असेल तर हा शब्द कानावरून गेला असेल. "भावाचं जुळलं, बहिणीचं नाही" म्हणतात ते हेच. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. पण निसर्गाने ही जनुकं किडनी बदलणाऱ्या सर्जनसाठी केलेली नाहीत. मग कशासाठी?

मार्केट यार्डात हळदीचे सौदे ज्याने पाहिलेत त्याला हे चटकन कळेल. व्यापारी प्रत्येक पोतं रिकामं करत नाही. बाहेर काढलेला नमुना हातात घेतो, हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि आख्ख्या थप्पीचा भाव ठरवतो. शरीरातल्या बहुतेक पेशी असाच नमुना दारात मांडून बसलेल्या असतात. आत प्रोटिएसोम नावाचं कांडपयंत्र प्रथिनांचे तुकडे पाडत असतं. त्यातले साधारण नऊ अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिनाच्या माळेतल्या नऊ मण्यांएवढे, तुकडे एचएलए रेणूच्या खोबणीत बसवून पेशीच्या पृष्ठभागावर आणले जातात. ही खोबण 1987 मध्ये हार्वर्डला पामेला ब्यॉर्कमन आणि डॉन वायली यांच्या गटाने क्ष-किरणांनी पहिल्यांदा पाहिली. खाली आठ पट्ट्यांची फरशी, दोन्ही बाजूंना सर्पिल कठडे. आणि गंमत म्हणजे खोबण रिकामी नव्हती. कुठला तरी तुकडा आधीच येऊन बसला होता! हे चित्र मी वर्गात किती वेळा फळ्यावर काढलं असेल, मोजदाद नाही.

आता कळीचा मुद्दा. एचएलए रेणू हे नमुना मांडायचं ताट, आणि प्रत्येक ताटात प्रत्येक नमुना बसत नाही. एचएलए-ए2 या प्रकाराला तुकड्याच्या दुसऱ्या जागी ल्युसीनसारखं आणि शेवटी व्हॅलीन किंवा ल्युसीन असं अमिनो आम्ल लागतं. तिथे खोबणीत खळगे आहेत, त्यात ती खुंटीसारखी अडकतात. दुसऱ्या प्रकाराचे खळगे वेगळे, म्हणून खुंट्याही वेगळ्या. टी पेशी, म्हणजे रोगट पेशी हुडकणारी पांढरी पेशी, हा आपला व्यापारी. तो नुसता तुकडा बघत नाही, तुकडा आणि ताट मिळून बघतो. हे झिंकरनागेल आणि डोहर्टी या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये दाखवलं, 1996 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कॅन्सरच्या पेशीत बिघडलेलं प्रथिन असेल, पण त्याचा तुकडा तुमच्या एकाही ताटात बसत नसेल, तर व्यापाऱ्याला कीड दिसणारच नाही. 2017 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हजारो गाठींची माहिती चाळून नेमकं हेच मांडलं: माणसाच्या ताटांत जे बदल नीट बसत नाहीत, तेच त्याच्या गाठीत जास्त सापडतात.

एचएलएच्या ताटांचे दोन वर्ग आहेत. आतापर्यंत पाहिली ती पहिल्या वर्गाची. त्यांचे तीन प्रकार आईकडून, तीन वडिलांकडून, मिळून सहा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. अशा जोडप्याच्या मुलाला एकाच पणजोबाची किंवा पणजीची ही गल्ली दोन्हीकडून मिळण्याची शक्यता सोळात एक. तेव्हा सहाची तीन होतात. यामुळे मेंदूचा कॅन्सर वाढतो असा पुरावा नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या याचाच फॉरवर्ड व्हायचा.

मेंदूत हा बाजार थंडच असतो. मज्जापेशी नमुने फार कमी मांडतात. शास्त्रज्ञ पीटर मेदावर यांच्या 1948 च्या प्रयोगांपासून मेंदू हा प्रतिकारशक्तीच्या गस्तीबाहेरचा प्रांत मानला जाई. मेंदूच्या आवरणातल्या लसीकावाहिन्यांचं (प्रतिकारशक्तीच्या पेशी वाहून नेणाऱ्या नळ्यांचं) काम 2015 मध्ये उजेडात आल्यावर ते मत बदललं. ग्लायोमा रुग्णांचे आणि निरोगी लोकांचे एचएलए प्रकार ताडून पाहणारे अभ्यास झाले आहेत. काही प्रकार कमीजास्त निघाले, पण तपासलेले लोक थोडे आणि ताटांची वाटणी समाजासमाजात वेगळी, त्यामुळे एकाचा निष्कर्ष दुसऱ्याशी जुळत नाही. शिवाय चांगलं ताट, वाईट ताट असं काही नसतं. पाठदुखीच्या तरुणाला डॉक्टर बी27 तपासायला सांगतात, तोही एचएलएचाच प्रकार: मणक्याला तापदायक, पण एचआयव्हीला रोखण्यात उजवा.

म्हणून 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून हळदीची पुडी दुप्पट भावात विकणाऱ्यांचं हसू येतं. हळद आमच्या सांगलीची, अभिमान आहेच. पण ती खाऊन खोबणीचा आकार बदलत नाही. आणि दाभोलकरांचा सातारा शेजारी असूनही फिट आली की आधी कांदा हुंगवतात, मग देवऋषी गाठतात. मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली तर आधी मेंदूचा स्कॅन. गाठीची पहिली खूण पुष्कळदा तीच असते.

बऱ्याच तरुण रुग्णांच्या ग्लायोमात आयडीएच1 या प्रथिनाच्या 132 व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडीन आलेलं असतं. एका अक्षराची चूक. हा तुकडा दुसऱ्या वर्गाच्या, जरा लांबट ताटांत बसतो असं 2014 मध्ये दिसलं. त्यावरून जर्मनीत लस बनली. 2021 मध्ये तिच्या पहिल्या चाचणीचे निकाल आले: तीसेक रुग्ण, एचएलए प्रकार निरनिराळे, तरी बहुतेकांच्या प्रतिकारशक्तीने तो तुकडा ओळखला. गाठ किती काळ थोपते हे ठरवायला ती चाचणी नव्हती. लस सुरक्षित आहे का आणि व्यापारी जागा होतो का, एवढंच तिला बघायचं होतं. व्यापारी जागा झाला.