कानातला रातकिडा आणि भिंतीवरचं कालनिर्णय

पुण्यात थंडी पडली की घराघरांतले पंखे बंद होतात. माझ्या कानातला आवाज मला पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला तो डिसेंबरातल्या अशाच एका रात्री. बारीक, सलग, रातकिड्यासारखा. वाटलं टीव्हीचा बॉक्स चालू राहिला असेल, म्हणून तो बंद केला. मग फ्रिज, मग वायफायचा डबा. शेवटी मीटरजवळ जाऊन मेन स्विच खाली ओढला. सगळं घर अंधारात बुडालं आणि आवाज होता तसाच. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "कसला आवाज? केवढं शांत आहे!"

कान वाजणं म्हणतात ते हेच. वैद्यकात त्याला टिनिटस म्हणतात, आपल्याकडचा जुना शब्द कर्णनाद. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत, त्यांत कर्णनाद आहे. म्हणजे दुखणं मोबाइलच्या काळातलं नाही. २०२२ साली जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली, तेव्हा प्रौढांपैकी साधारण १४ टक्के लोकांना हा अनुभव येतो असं दिसलं. ७४ कोटींहून जास्त माणसं. बहुतेकांना तो अधूनमधून जाणवतो आणि सुटून जातो. पण १२ कोटींहून अधिक लोकांना त्याचा जाच होतो, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही.

माझ्या बाबतीत कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. तरुणपणी अकरा वर्षं मी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवला. पावसाळा लागला की नदीपात्रात सराव, आणि मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आदळून परत येणारा नाद. विसर्जनाच्या दिवशी त्या रस्त्यावर आवाजाची पातळी १०० डेसिबलच्या पुढे गेल्याच्या नोंदी अनेक वर्षांच्या आहेत. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेत जी मर्यादा सुचवली जाते ती अशी: ८५ डेसिबल आवाजात आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं मिळतात. आम्ही पाच-सहा तास वाजवायचो, कानात कापसाचा बोळा घालून. कापसाने फारसं काही अडत नाही. फोमचे किंवा सिलिकॉनचे इअरप्लग नीट बसवले तर वीसएक डेसिबल कमी होतात. माझा पुतण्या यंदा पथकात आहे, त्याला मी ते हातात नेऊन दिले आणि कसे पिळून घालायचे तेही समोर बसून दाखवलं.

आता हा आवाज येतो कुठून? आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात साधारण पंधरा-सोळा हजार पेशी, प्रत्येकीच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचा झुबका. आवाजाच्या लाटेने हे केस हलतात आणि त्या हालचालीतून मज्जातंतूकडे विजेचा इशारा जातो. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी या पेशी मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात नाही. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी सहसा आधी जातात, म्हणून कानातली शिट्टीही बहुधा उंच पट्टीतच असते.

पण पेशी मेली तर शांतता व्हायला हवी, आवाज का व्हावा? मांडवातला साउंडवाला आठवा. वक्ता पुटपुटायला लागला की तो माइकचा आवाज वाढवतो. वाढवता वाढवता वक्ता ऐकू येतो की नाही कोण जाणे, पण स्पीकरमधून 'सीऽऽ' सुरू होतं. मेंदूही तसंच करतो असं आज बहुतेक संशोधक मानतात. कानाकडून एखाद्या पट्टीतला इशारा येईनासा झाला की मेंदूतली श्रवणकेंद्रं त्या पट्टीत आपली संवेदनशीलता वाढवतात, आणि मग मज्जापेशींची नेहमीची कुजबुजही आवाज म्हणून ऐकू येऊ लागते. श्रवणाच्या नसेवरची गाठ काढताना ज्यांची ती नसच कापावी लागली, त्यांच्यापैकी अनेकांचा कर्णनाद नस कापल्यावरही चालूच राहिला. पाय कापल्यावरही तळव्याला खाज सुटावी, तसं हे आहे.

ही कुजबुज प्रत्येकाच्या डोक्यात असते. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी कानाची कसलीही तक्रार नसलेल्या ८० जणांना ध्वनिबंद खोलीत बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचं सांगितलं.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी केलं ते सगळेच करतात, म्हणजे औषधं शोधली. कानाच्या डॉक्टरांनी मळ नाही, पडदा ठीक आहे हे पाहून बीटाहिस्टीनच्या गोळ्या दिल्या. आईने कोमट तिळाचं तेल घालून दिलं. वैद्यांकडे कर्णपूरण, म्हणजे कानात औषधी तेल भरून ठेवणं, झालं. मित्राने जिंको बायलोबा या झाडाच्या पानांच्या अर्काच्या कॅप्सूल मागवून दिल्या, कुणी झिंक सांगितलं, मी सकाळी भ्रामरी सुरू केली. आणि गंमत अशी की प्रत्येक उपायाने गुण आला. दोन आठवडे. मग पुन्हा मूळपदावर.

इथे स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय माझ्या कामी आलं. पहिल्या आठवड्यापासून मी रोज रात्री दहा वाजता त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहीत होतो: शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दहा म्हणजे असह्य. गॅसच्या नोंदी आणि दूधवाल्याच्या खाड्यांमध्ये ते आकडे आहेत. ऑगस्टमध्ये सगळी पानं काढून जमिनीवर पसरली. प्रत्येक नवा उपाय मी सुरू केला होता तो ८, ८, ९ असे आकडे ओळीने आल्यावर. त्यानंतर ५, ४. पण ज्या महिन्यांत मी काहीच घेत नव्हतो, त्यांतही ८-९ नंतर ५-४ आलेच होते. तीनदा.

कर्णनाद मुळातच चढतो-उतरतो. ताण, अपुरी झोप, सर्दी, दिवसभराचा गोंगाट, जबडा आवळून धरण्याची सवय, असं बरंच काही त्यात असतं. आणि माणूस औषध घेतो तो चढावर असताना. चढाच्या टोकावरून पुढची वाट बहुधा खालीच जाते, मग तुम्ही तेल घाला नाहीतर गुळणी करा. याला संख्याशास्त्रात सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीची तुलना करताना ते दाखवून दिलं. त्यात 'आता बरं वाटणार' या विश्वासाची भर पडली की कुठल्याही गोळीला गुण येतो.

म्हणून तर निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणारी खोटी गोळी देऊन तपासावं लागतं. जिंकोची अशी चाचणी ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक लोकांवर झाली, २००१ साली तिचा निकाल आला: खोट्या गोळीपेक्षा फरक नाही. बीटाहिस्टीनच्या चाचण्यांचा २०१८ साली एकत्रित आढावा निघाला, त्यातही कर्णनादावर परिणाम दिसला नाही (चक्कर येण्याच्या आजारात ते देतात, ती गोष्ट वेगळी). अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत जिंको, मेलाटोनिन, झिंक या कशाचीही शिफारस करू नये असं स्पष्ट आहे. शिरेतून दिलेल्या लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाने काहींचा आवाज खरोखर थांबतो, पण थोड्याच वेळापुरता, आणि हृदयाला धोका पत्करून. तेलाबद्दल एवढंच सांगेन की मळ मऊ व्हायला ते ठीक, पण पडद्याला भोक असेल तर कानात काहीही घालू नये. तपासून घेतल्याशिवाय तर नाहीच.

माझ्या बाबतीत वळण आलं ते ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या खोलीत. जाड दार, भिंतींना भोकाभोकांचे पत्रे, कानावर हेडफोन, हातात बटण. टिंब टिंब असा आवाज ऐकू आला की दाबायचं. ४ हजार हर्ट्झजवळ माझ्या आलेखात खोल खड्डा निघाला. गोंगाटाने गेलेल्या कानाची ती खूणच. मग ऑडिओलॉजिस्ट ताईंनी माझ्या रातकिड्याशी जुळणारा आवाज शोधला. पट्टी जुळली, मग मोठेपणा जुळवायला घेतला. मला वाटत होतं, फार मोठा निघेल. त्या म्हणाल्या, "काका, तुम्हाला जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजापेक्षा फक्त सात डेसिबल वर आहे हा." बहुतेक रुग्णांत तो असाच, दहा डेसिबलच्या आत भरतो. रात्री झोप उडवणारा आवाज मोजला तर पानांच्या सळसळीएवढा. आणि तो किती मोठा भरतो यावरून माणसाला किती त्रास होईल हे सांगता येत नाही.

हे समजल्यावर उपायांची दिशाच बदलते. आवाज बंद करण्याच्या मागे न लागता, मेंदू त्याला धोक्याची घंटा समजतो ते थांबवायचं. या कामी सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीचा, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलणाऱ्या मानसोपचाराचा. २०२० सालच्या आढाव्यात २८ अभ्यास आणि २,७३३ रुग्ण होते. आवाज कमी होत नाही, पण त्याचा जाच कमी होतो असं त्यातून दिसलं. मी मानसोपचारतज्ज्ञांकडे दहा आठवडे गेलो. 'हा असाच वाढत जाऊन मी बहिरा होणार' हे वाक्य मी रोज स्वतःला ऐकवत होतो हे तिथे बसल्यावर लक्षात आलं. ते वाक्य कागदावर लिहायचं, पुरावा तपासायचा, रात्री शांततेला घाबरून हेडफोन लावायचे नाहीत, असा तो अभ्यास.

ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना कानाचं मशीन लावल्यानेही पुष्कळदा बरं वाटतं, कारण मेंदूला हरवलेला इशारा परत मिळतो. आणि साधा पार्श्वआवाज. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात एका कारंज्यापाशी उभं असताना कर्णनादाने बेजार झालेल्या एका डॉक्टरला आपला आवाज ऐकू येईनासा झाला. सोबत जॅक व्हर्नन हे संशोधक होते, आणि त्यातून कानात घालायची मास्किंगची, म्हणजे दुसऱ्या आवाजाने कर्णनाद झाकणारी यंत्रं पुढे आली. आमच्याकडे कारंजं नाही. थंडीतही पंखा एकवर ठेवून भिंतीकडे वळवला, शाल घेतली, झालं.

नव्या प्रयत्नांत जीभ किंवा मान यांना हलका विद्युत स्पर्श आणि त्याच वेळी कानात ठरावीक आवाज, अशी जोडी तपासली जाते आहे. असं एक यंत्र अमेरिकेत २०२३ साली मान्यही झालं. मला त्यात आशा वाटते, पण महागड्या यंत्राच्या आधी ऑडिओमेट्री करून घ्या असं मी कळकळीने सांगेन.

काही खुणा मात्र डॉक्टरांकडे तातडीने नेणाऱ्या आहेत. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो. आवाज एकाच कानात असेल, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, तर तपासण्या लागतात. अ‍ॅस्पिरिनचे मोठे डोस, अ‍ॅमिकासिनसारखी अँटिबायोटिकची इंजेक्शनं, कॅन्सरवरचं सिसप्लॅटिन यांनीही कान वाजू शकतात. औषध मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगा. आणि जिवाला कंटाळा येऊ लागला असेल तर ते कुणाजवळ तरी बोला, लगेच.

परवा पुन्हा त्याच जाड दाराच्या खोलीत बसलो. पट्टी तीच, मोठेपणा सात डेसिबल, तसूभरही कमी नाही. त्रास मोजणारी पंचवीस प्रश्नांची यादी भरली. पहिल्यांदा १०० पैकी ५२ गुण होते, आता २४. घरी येऊन कालनिर्णयाची पानं मागे उलटली. यंदाच्या मार्चमध्ये ९ तारखेपर्यंत आकडे आहेत. त्यापुढे दुधाचे खाडे आहेत, गॅस आल्याची तारीख आहे, आकडा नाही.