मोतीबिंदूच्या मागचा पडदा

म्हातारपणी नजर अधू झाली की मराठवाड्यात आधी मोतीबिंदूचंच नाव निघतं. 1976 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भरही त्यावरच होता, आणि गावोगावच्या शिबिरांनी ते मोलाचं काम केलं. डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) मात्र तपासायचा राहून जातो. ऑपरेशन नीट होऊनही दाराची चौकट वाकडी दिसते, समोरच्याच्या चेहऱ्याजागी डाग दिसतो, तेव्हा शंका पीतबिंदूची, म्हणजे पडद्याच्या मधल्या, नेमकं दिसण्याच्या भागाची घ्यावी.

जिवंत डोळ्याचा पडदा पाहायचं साधन जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1851 मध्ये दिलं; दिसलेलं मात्र हातानं रेखाटावं लागे. 1926 मध्ये झाइस कंपनीचा फंडस कॅमेरा, म्हणजे पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा, आला. 1961 मध्ये नोवोत्नी आणि अल्विस यांनी फ्लुओरेसिन हा चमकणारा रंग शिरेत टोचून फोटो काढले आणि गळणाऱ्या रक्तवाहिन्या उठून दिसू लागल्या. तरी चित्र सपाटच. पाणी कुठल्या थरात साचलंय, ते त्यातून कळेना.

ती अडचण 1991 मध्ये ओसीटीनं (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) सोडवली. पडद्याच्या थरांवरून परतलेल्या प्रकाशाची मूळ प्रकाशाशी गाठ घालून हे यंत्र उभा छेद दाखवतं. सुरुवातीची बारकाई 10 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, सेकंदाला फार तर 400 उभ्या रेघा. तेवढ्यात डोळा हलायचाच. 2006च्या सुमारास आलेल्या स्पेक्ट्रल या नव्या पिढीच्या ओसीटी यंत्रांनी बारकाई सुमारे 5 मायक्रॉनवर आणि वेग 20,000 रेघांच्या पुढे नेला. त्याच वर्षी अमेरिकेत रॅनिबिझुमॅब या, गळणाऱ्या रक्तवाहिन्यांवर डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली आणि पुढचं इंजेक्शन कधी द्यायचं, हे ओसीटीतल्या पाण्यावरून ठरू लागलं. आमच्या मते खरी कलाटणी ही.

पीतबिंदूच्या वयोमानाच्या आजाराची पहिली खूण म्हणजे ड्रूसेन, पडद्याखालचे पिवळट ठिपके. 125 मायक्रॉनहून मोठा ठिपका जोखमीचा. फोटोत माप घ्यायचं तर दृष्टिचकतीच्या (डोळ्याची नस पडद्याला मिळते ती गोल जागा) काठावरची शीर पाहावी. तिची रुंदी साधारण तेवढीच असते.

फसगतही इथंच होते. उन्हाळ्यात कॅमेऱ्याच्या काचेवर बसलेली धूळ ठिपक्यासारखी उमटते. पाठोपाठच्या दोन रुग्णांच्या फोटोत ठिपका त्याच जागी असेल तर काच पुसावी. बाहुली 4 मिलिमीटरहून लहान असली तर फोटोच्या कडा काळवंडतात. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून अर्धा तास थांबावं, पण त्याआधी डोळ्यातलं पाणी निघून जायचा कोन अरुंद (काचबिंदूचा धोका) नाही ना, ते बघावं.

पिकलेल्या मोतीबिंदूतून ओसीटीचा सिग्नल क्षीण येतो. मग यंत्र थरांच्या रेषा भलतीकडे ओढतं आणि जाडीचा आकडा खोटा निघतो. म्हणून आकड्याआधी रेषा तपासाव्यात, आणि ऑपरेशननंतर डोळा निवळला की स्कॅन पुन्हा काढावा.