दागिना चार ग्रॅमचा, पॅकिंग किती ग्रॅमचे?
दागिने आणि फॅशन ॲक्सेसरीज विकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही डब्या, पाऊच आणि कानातल्यांची कार्डे बनवतो. त्यामुळे "पॅकेजिंगच्या कचऱ्याची नोंदणी तुम्हीच केली असेल ना?" हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. बहुतेक देशांत याचे उत्तर नाही असेच आहे. आम्ही विकतो ती रिकामी डबी. तिच्यात दागिना ठेवून, तिच्यावर आपले नाव घालून ती त्या देशाच्या बाजारात प्रथम कोण आणतो, हे कायदा पाहतो. तो विक्रेता म्हणजे तुम्ही. याला विस्तारित उत्पादक जबाबदारी किंवा थोडक्यात ईपीआर म्हणतात. वापरून झालेले पॅकिंग गोळा करण्याचा आणि त्यावर प्रक्रिया करण्याचा खर्च ते बाजारात आणणाऱ्याने उचलायचा, असा त्याचा अर्थ.

दुकान कुठे आहे याला इथे फारसे महत्त्व नाही. पार्सल ज्या देशात उघडले जाते, तिथला नियम लागू होतो.

काय मोजायचे?

एक उदाहरण घेऊ. समजा, चार ग्रॅमचे कानातले ऑनलाइन विकले. पुठ्ठ्याची डबी ३६ ग्रॅम, आतला फोम २, झिप पाऊच १, टिश्यू पेपर ३, बाहेरचा खोका ७० आणि बबल रॅप ६. एकूण पॅकिंग ११८ ग्रॅम. वर्षाला अशी ३,००० पार्सले गेली, तर ३२७ किलो कागद-पुठ्ठा आणि २७ किलो प्लास्टिक तुमच्या नावावर जमा होते. शुल्क साधारणपणे साहित्यानुसार आणि किलोवर असते, आणि प्लास्टिकचा दर बहुधा कागदापेक्षा चढा असतो. म्हणून वजने नुसती एकत्र करून भागत नाही, साहित्यानुसार वेगळी ठेवावी लागतात. सुदैवाने या धंद्यात अचूक वजनकाटा आधीपासूनच टेबलावर असतो.

खोका आणि बबल रॅप बऱ्याच जणांच्या हिशेबातून सुटतात, कारण ते "कुरिअरचे" वाटतात. पण ते तुम्ही भरून पाठवता, म्हणून तेही तुमचेच. युरोपीय संघाच्या नियमांत वस्तूला अडकवलेले लेबलसुद्धा पॅकेजिंगमध्येच गणले जाते, तेव्हा अंगठीला दोऱ्याने बांधलेला टॅग विसरू नका. बिल, शुद्धतेचे प्रमाणपत्र आणि पुसायचे कापड यांत येत नाही.

डबी पॅकेजिंग आहे की वस्तू?

सगळ्यात जास्त वाद होतो तो मखमली पेटीवरून. "ग्राहक ती फेकत नाही, कपाटात जपून ठेवतो," हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकला आहे. पॅकेजिंगमधून वगळून वस्तूतच धरण्याची युरोपातली कसोटी मात्र अशी : ती गोष्ट वस्तूचा अविभाज्य भाग हवी, वस्तू टिकेल तोवर तिला ठेवण्यासाठी किंवा सांभाळण्यासाठी गरजेची हवी, आणि दोन्ही एकत्रच वापरली किंवा टाकली जायला हवीत. सीडीची केस या कसोटीला उतरते, तिच्यावरचे प्लास्टिकचे आवरण उतरत नाही. अंगठी तर बोटात राहते, पेटीशिवाय तिचे काही अडत नाही. पेटी टिकाऊ आहे एवढ्यावर सूट मिळेल असे धरून चालू नका. आमचे मत विचाराल तर वजन मोजणीत धरा. रिकामी दागिन्यांची पेटी हीच तुमची विक्रीची वस्तू असेल, तर गोष्ट वेगळी. मग ज्या खोक्यातून ती जाते, तेवढाच पॅकेजिंग ठरतो.

काही देशांचे नियम

जर्मनीचा पॅकेजिंग कायदा १ जानेवारी २०१९ पासून लागू आहे. तिथे लुसिड नावाच्या नोंदवहीत नाव घालावे लागते आणि घराघरांतून पॅकिंग गोळा करणाऱ्या मान्यताप्राप्त यंत्रणेशी करार करावा लागतो. दोन्हीकडे कळवलेले वजन एकच हवे. "आमची उलाढाल लहान आहे" ही सबब चालत नाही, कारण किमान मर्यादाच नाही. दंड दोन लाख युरोपर्यंत जाऊ शकतो. शिवाय १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन बाजारपेठांना विक्रेत्याची नोंदणी तपासणे बंधनकारक आहे. त्यामुळे दंडाची नोटीस यायच्या आधी तुमच्या मालाची तिथली विक्रीच बंद होते. तिथे प्रत्यक्ष दुकान असेल, तर काउंटरवर भरून दिलेल्या पिशव्यांचे शुल्क पुरवठादाराकडून आधीच भरून घेता येते, पण लुसिडमधली नोंद तुमची तुम्हालाच करावी लागते.

फ्रान्समध्ये नोंदणी क्रमांकाबरोबर त्रिमान नावाचे कचरा-वर्गीकरणाचे चिन्ह आणि कोणता भाग कचऱ्याच्या कुठल्या डब्यात टाकायचा याची सूचना लागते. ऑस्ट्रियात परदेशी ऑनलाइन विक्रेत्याला २०२३ पासून तिथला अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो.

डबीची रचना आतापासून बदला

युरोपीय संघाचे नवे पॅकेजिंग नियमन फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आले आणि त्यातल्या तरतुदी १२ ऑगस्ट २०२६ पासून टप्प्याटप्प्याने लागू होतात. दागिन्यांच्या धंद्याला त्यातल्या दोन झोंबणाऱ्या आहेत, आणि दोन्हींसाठी २०३० हे वर्ष धरले आहे. पहिली, वस्तू मोठी भासावी एवढ्यासाठीच दिलेले खोटे तळ, दुहेरी भिंती आणि अनावश्यक थर बंद होणार. दुसरी, ऑनलाइन पार्सलमध्ये रिकामी जागा ५० टक्क्यांपेक्षा जास्त नको. त्यात बबल रॅप किंवा कागदाच्या कातरणाने भरलेली जागाही रिकामीच धरली जाते! इवल्याशा नथीला बुटांचा खोका वापरणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

जड दिसणारी पेटी विकण्यात आमचा फायदा आहे, तरी सांगतो : पुठ्ठ्यावर चिकटवलेली मखमल, फोम, झाकणातले चुंबक आणि वरचे प्लास्टिक लॅमिनेशन यांमुळे चांगल्या पुठ्ठ्याचाही लगदा नीट होत नाही. त्याऐवजी एकाच पुठ्ठ्याची, खाच पाडलेल्या कार्डाची डबी घ्या. फोम हवाच असेल तर न चिकटवता नुसता बसवा. झिप पाऊच मात्र चांदीसाठी काढू नका. हवेतल्या गंधकामुळे ती काळी पडते, आणि परत आलेला माल पुन्हा पाठवण्यात दुप्पट पॅकिंग जाते.

सोनेरी फॉइल आणि धातूच्या बिजागऱ्या घेताना पुरवठादाराकडून लेखी हमी मागा. शिसे, कॅडमियम, पारा आणि सहा-संयुजी क्रोमियम यांचे एकत्रित प्रमाण युरोपात किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते.

आमच्याकडून काय मिळेल

प्रत्येक डबीबरोबर आम्ही साहित्य-पत्रक देतो. त्यात पुठ्ठा, प्लास्टिक, कापड आणि धातू यांची वेगवेगळी वजने असतात. जुन्या ऑर्डरींसाठी बिलावरचा माल-क्रमांक कळवा. मापात किंवा अस्तरात बदल केलात तर नवे पत्रक मागून घ्या, जुने वजन पुढच्या वर्षी तसेच भरू नका. खोका आणि बबल रॅप दुसरीकडून घेत असाल, तर ती वजने तुमची तुम्हालाच करावी लागतील. दहा नग एकत्र तोलून सरासरी काढा आणि तारखेसह लिहून ठेवा.