मूळशोध : खानदेशातून दत्तक गेलेल्या मुलांचे कागद कुठे असतात

दत्तक हा शब्द खानदेशाला नवा नाही. देशमुख, वतनदार पाटील यांच्या घरांत मोडीत लिहिलेली दत्तकपत्रे आजही जुन्या पेटीतून निघतात. पण त्या दत्तकाचा अनाथालयाशी काही संबंध नव्हता. वंश, वतन आणि श्राद्ध चालावे म्हणून भाऊबंदांतला मुलगा घ्यायचा. होम व्हायचा, जेवणावळ उठायची. आपली जन्मदाती कोण हे त्या मुलाला कधी शोधावे लागत नसे, कारण ती बहुधा दोन घरे सोडून राहत असे. मुलगी दत्तक घेण्याची रीत नव्हती. आणि अनाथाला तर दत्तक घेताच येत नसे. दत्तविधान हे दान, म्हणून दाता हवा. मूल देण्याचा हक्क बापाला, तो नसल्यास आईला. ज्याचे दोघेही नाहीत किंवा दोघेही ठाऊक नाहीत, ते मूल देणार कोण?

त्यानंतरच्या शंभर वर्षांतले बहुतेक कायदे म्हणजे याच प्रश्नाला दिलेली वेगवेगळी उत्तरे आहेत. प्रत्येक उत्तराबरोबर वेगळा कागद तयार झाला आणि तो वेगळ्या कचेरीत जाऊन पडला. मूळशोधाला, म्हणजे आपल्या जन्मदात्यांच्या शोधाला, निघालेल्या माणसाने म्हणून आधी आपले साल पाहावे, गाव नंतर.

संस्थेत मूल ठेवण्याची सोय दत्तकाच्या कायद्याआधी कितीतरी वर्षे झाली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपूरला १८७५ पासून प्रार्थना समाजाचा बालकाश्रम आहे. फुले दांपत्याने १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तोच यशवंत. त्याच्या आईचे नाव आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पुढे शंभर वर्षांनी भरलेल्या कितीतरी दत्तक-फायलींत मात्र आईच्या नावाची जागा कोरी आहे. १८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळानंतर पश्चिम भारतात मिशनांनीही पोरकी मुले सांभाळली. त्यांचा माग लागला तर बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत लागतो, सरकारी दप्तरात नाही.

अनाथालयातून दत्तक ही गोष्ट कायद्याने शक्य झाली ती १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने, आणि खरी मोकळी झाली १९६२ च्या दुरुस्तीने. टाकून दिलेले किंवा आईबाप अज्ञात असलेले मूल त्याचा पालक, म्हणजे व्यवहारात संस्था, न्यायालयाच्या परवानगीने दत्तक देऊ शकेल, असे कलम ९(४) मध्ये आले. म्हणजे दाता मिळाला. ही परवानगी कोणत्या न्यायालयाची? मूल जिथे राहते तिथल्या. ही एक ओळ खानदेशाच्या बाबतीत फार महागात पडते, कारण इथल्या अनेक कुमारी माता बाळंतपणासाठी नाशिक, पुणे, मुंबईकडे पाठवल्या गेल्या किंवा त्यांची बाळे तिकडच्या संस्थांत गेली. आई जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याची असली तरी अर्ज पुण्याच्या जिल्हा न्यायालयात, आणि बाळाची जन्मनोंद पुणे महापालिकेत. जळगावात वर्षभर खेटे घालून काही मिळत नाही, ते यामुळे.

हिंदू नसलेल्या आणि परदेशी पालकांसाठी वेगळी वाट होती. त्यांना १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली इथे फक्त पालकत्व मिळे. परदेशी पालक मूल बाहेर नेऊन तिथल्या कायद्याने दत्तक घेत. म्हणून १९७०-८० च्या दशकांत युरोपात गेलेल्या माणसाकडे भारतातला 'दत्तक हुकूम' नसतोच, पालकत्वाचा हुकूम असतो. न्यायालयाच्या नक्कल विभागात 'दत्तक अर्ज' म्हणून शोधायला सांगितले तर रजिस्टरमध्ये काही निघत नाही आणि कारकून प्रामाणिकपणे 'नोंद नाही' असे लिहून देतो. 'पालक व पाल्य अर्ज' असे सांगावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने १९७२ पासून अशा प्रकरणात भारतीय समाजकल्याण परिषदेला नोटीस देण्याचा नियम केला. त्यामुळे तिथल्या प्रकरणात संस्थेच्या अर्जाखेरीज छाननीचा स्वतंत्र अहवालही असू शकतो, आणि संस्थेने लिहिले नाही ते कधी कधी त्यात असते.

परदेशी दत्तकात पैशाचा व्यवहार होतो अशा तक्रारी वाढल्या. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, त्याचीच याचिका झाली आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. भगवतींचा निकाल आला. मान्यताप्राप्त संस्था, बाल अभ्यास अहवाल, जन्मदात्यांची लेखी संमती ही चौकट त्यातून आली. मूल जाणते झाल्यावर जन्मदात्यांविषयी विचारू लागले तर माहिती द्यायला फारशी हरकत नसावी, असेही त्या निकालात आहे. मात्र जन्मदात्यांना दत्तक आईबाप कोण हे कळता कामा नये, अशी दुसरी बाजू त्याला होती. पुढे १९९० मध्ये केंद्रीय दत्तक यंत्रणा, म्हणजे कारा, स्थापन झाली. देशादेशांमधल्या दत्तकाचा हेग करार भारतात १ ऑक्टोबर २००३ पासून लागू झाला आणि मुलाच्या मुळाची माहिती जपून ठेवणे हे राज्याचे काम ठरले. त्याआधीची कागदपत्रे कोणी जपली असतील तर स्वतःच्या शिस्तीने जपली.

न्यायालयाआधीचा टप्पा म्हणजे मूल ताब्यात घेणे. त्याचे दप्तरही सालाप्रमाणे बदलते. १९४८ च्या मुंबई मुलांच्या कायद्यात बाल न्यायालय आणि रिमांड होम. २ ऑक्टोबर १९८७ पासून बाल न्याय अधिनियम १९८६ आला, तेव्हा बाल कल्याण मंडळ. एप्रिल २००१ नंतर बाल कल्याण समिती, आणि जानेवारी २०१६ पासून तीच समिती नव्या कायद्याखाली. मूल 'दत्तकासाठी मुक्त' असल्याचा दाखला आता समिती देते. हा दाखला देण्याची मुदत दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन महिन्यांची, त्यावरच्यासाठी चार महिन्यांची. आईने स्वतः सोडलेल्या बाळासाठी तिला फेरविचाराचे दोन महिने. ऑगस्ट २०१५ पासून दत्तक घेऊ पाहणाऱ्यांची देशभर एकच प्रतीक्षायादी झाली. तोवर जोडपी थेट संस्थेत जात, त्यामुळे मूल बहुधा राज्यातच राही. आता धुळ्याचे बाळ केरळात जाऊ शकते. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा हुकूम जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आला, म्हणजे आजच्या बाळांची फाइल तीस वर्षांनी कलेक्टर कचेरीत शोधावी लागेल.

खानदेशात या सगळ्यावर आणखी एक गुंता आहे : जिल्हेच बदलले. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांचे पुढे जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे १९८५ साली अक्कलकुव्यात सापडलेल्या बाळाचे जिल्हा पातळीवरचे कागद धुळ्याच्या नावाने आहेत. आजचे मुक्ताईनगर जुन्या कागदात एदलाबाद आहे. धडगाव तालुक्याच्या रकान्यात अक्राणी म्हणून येते. परदेशी कागदात तर एदलाबादचे हैदराबाद झाले तरी नवल नाही. शिवाय एकाच नावाची गावे. वडगाव, पिंप्री, बोरखेडे प्रत्येक तालुक्यात भेटतात, आणि बुद्रुक की खुर्द हे टंकलेखकाने गाळलेले असते.

भुसावळ जंक्शनचे प्रकरण वेगळेच. गाडीत किंवा फलाटावर सापडलेल्या बाळाची पहिली नोंद शहर पोलिसांकडे नसून लोहमार्ग पोलिसांकडे असते. बाळ भुसावळला सापडले याचा अर्थ आई खानदेशची, असा मुळीच नाही. ती सुरतेकडून आली असेल, इटारसीकडून, नागपूरकडून. अशा फायलीत गाडीचा क्रमांक आणि डबा लिहिलेला असेल तर तेवढाच धागा.

आता फाइलच हाती आली असे समजू. पहिला प्रश्न : बाळ सापडलेले की सोडलेले? सापडलेल्या बाळाच्या फायलीत पोलिसांचे पत्र, पंचनामा आणि मूल टाकून दिल्याचा (जुन्या भारतीय दंडविधानातल्या कलम ३१७ चा) गुन्हा नोंदला असल्यास गुन्हा रजिस्टर नंबर असतो. तो नंबर, ठाणे आणि साल या तीन गोष्टी उतरवून घ्याव्यात. अशा गुन्ह्यात बहुधा 'अ समरी' झालेली असते, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. तपासात कुणाचे जबाब घेतले असतील तर ते समरीबरोबर दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात गेलेले असतात. ठाण्यातले जुने कागद मुदतीनंतर नष्ट होतात, न्यायालयात क्वचित काही राहते.

सोडलेल्या बाळाच्या फायलीत आईचे समर्पणपत्र, म्हणजे मूल सोडत असल्याचे लेखी पत्र, असते. त्यातल्या नावावर एकदम विश्वास ठेवू नये. बदनामीच्या भीतीने नाव बदलले जाई, गाव म्हणून तालुका सांगितला जाई. खोटे सांगायला कठीण अशा गोष्टी वेगळ्या : दाखल तारीख, कितवे बाळंतपण, अंदाजे वय, सोबत कोण आले. अंगठा असेल तर बाई बहुधा शिकलेली नव्हती. सही असेल तर अक्षर पाहावे. साक्षीदाराच्या सहीकडे कुणी लक्ष देत नाही, पण बाप, मामा किंवा ओळखीचा शिक्षक यांतले कुणी खरे नाव लिहून गेलेले असते.

संस्थेच्या आवक रजिस्टरची रचना साधारण ठरलेली : अनुक्रमांक, तारीख, नाव, अंदाजे वय, वजन, कोणी आणले, कुठे पाठवले, शेरा. नावाचा रकाना आकर्षक वाटतो आणि तोच सर्वांत निरुपयोगी, कारण नाव बहुधा संस्थेतल्या ताईने ठेवलेले असते. जन्मतारीखही तशीच. सापडलेल्या बाळाचे वय डॉक्टर अंदाजाने सांगतात आणि कारकून मागे मोजून तारीख टाकतो. (निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मल्याचे शाळेच्या दाखल्यावर दिसते, त्यातलाच हा प्रकार.) 'वजन' बघावे. दोन किलोच्या आतले, नाळ न सुकलेले बाळ म्हणजे जन्म त्याच एक-दोन दिवसांतला, आणि मग जवळच्या सिव्हिलच्या प्रसूती नोंदवहीत ते दोन-तीन दिवस तपासता येतात. खरा मजकूर 'शेरा' या अरुंद रकान्यात, तिरप्या अक्षरात कोंबलेला असतो. रजिस्टरची छायाप्रत काढताना नेमका तोच उजवा कडा कापला जातो. नक्कल घेताना पान पूर्ण आले का ते पाहून घ्यावे.

दत्तकानंतर काढलेल्या जन्मदाखल्यावर दत्तक आईबापांचीच नावे असतात, तो मूळशोधाला पुरावा नव्हे. उलट दिशेने, म्हणजे कुटुंब सापडल्यासारखे वाटल्यावर, ग्रामपंचायतीचे जन्म रजिस्टर किंवा जुन्या काळासाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, हे भावंडांच्या नोंदी ताडून पाहायला उपयोगी.

आज मूळशोधाचा रीतसर मार्ग दत्तक विनियम २०२२ मध्ये आहे. अठरा पूर्ण झालेली व्यक्ती काराकडे स्वतः ऑनलाइन अर्ज करते, त्याखालील मुलाने दत्तक आईबापांसह करायचा. सोबत ओळखपत्र, न्यायालयाचा हुकूम, लहानपणीचा पासपोर्ट, संस्थेचा पत्रव्यवहार. अर्ज कारामार्फत राज्याच्या यंत्रणेकडे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि संस्थेकडे उतरतो. आईने सोडताना नाव गुप्त ठेवायला सांगितले असेल तर संस्था किंवा समिती आधी तिची संमती घेते. तिऱ्हाइताने शोध घेण्याला विनियमांत परवानगी नाही. दलाल 'माझी ओळख आहे' म्हणून पैसे घेतात आणि कुठल्या तरी बाईला उभी करतात, हा धोका खरा आहे. माहिती अधिकाराचा अर्जही इथे बहुधा कलम ८(१)(ञ) वर, खासगी माहिती म्हणून, अडतो. जुना फोटो समाजमाध्यमांवर टाकून गावाचे नाव जाहीर करणे सर्वांत वाईट. खेड्यात ती बातमी आईपर्यंत पोचण्याआधी तिच्या सासरच्यांपर्यंत पोचते.

डीएनएकडून फार आशा धरू नये. परदेशी कंपन्यांच्या साठ्यात खानदेशातली खेडी जवळपास नाहीतच. जुळले तरी चौथ्या-पाचव्या पिढीचा, परदेशात स्थायिक झालेला नातेवाईक जुळतो. समोर एक ठरावीक बाई असेल आणि तिची संमती असेल, तेव्हा तिची आणि अर्जदाराची चाचणी करणे हाच चाचणीचा योग्य वापर.

आणखी दोन ठिकाणी शोध फसतो. एक आडनाव. फायलीत 'पाटील' निघाले तर ते जळगाव जिल्ह्यात इतके सर्रास की त्याला अर्थ नाही, आणि 'पावरा', 'वळवी', 'वसावे' निघाले तर नंदुरबारच्या डोंगरातही तेच. दुसरे स्थलांतर. ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेल्या बाईने बाळ सोडले असेल तर पत्ता कारखान्याचा असतो. तिथे मुकादमाचे नाव मिळाले तर तो कोणत्या गावांतून टोळी उचलत असे ते कळते. तेवढ्यावरून कधी कधी पाडा सापडतो.

भेट ठरली तरी पुण्याहून आणलेला दुभाषा पुरत नाही. आई अहिराणी, भिलोरी किंवा पावरी बोलत असते. 'आंडेर' म्हणजे मुलगी, हेही त्याला सांगावे लागते. शोधाला मदत करणाऱ्या कार्यकर्त्याने जीप घेऊन, सरपंचाला विचारत घरी जाऊ नये. आईला तालुक्याच्या ठिकाणी एकटीला भेटावे, तेही तिच्या सोयीच्या बाजाराच्या दिवशी. घरच्यांना कळल्यावर भावांचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो : सातबाऱ्यावर नाव लावायला आली का? त्याचे उत्तर कार्यकर्त्याजवळ तयार हवे. १९५६ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दत्तकाच्या दिवसापासून जन्मघराशी नाते कायद्याने तुटते. दत्तकाआधीच मुलाच्या नावे झालेली मालमत्ता तेवढी त्याच्याबरोबर जाते. जन्मकुळात ज्याच्याशी लग्न निषिद्ध, त्याच्याशी ते निषिद्धच राहते. बाकी वाटणी मागता येत नाही. हे दोन माणसांसमोर शांतपणे सांगितले की आवाज खाली येतात.

आई नाही म्हणू शकते, आणि तो तिचा हक्क आहे. मग नाव-पत्ता दिला जात नाही, पण कोणत्या कारणाने व कोणत्या परिस्थितीत सोडले ते अर्जदाराला सांगावे लागते. हे लेखी मागून घ्यावे आणि आपला चालू पत्ता, फोन, अलीकडचा एक फोटो संस्थेच्या फायलीत लावून पोच घ्यावी. आईचे मन पुढे बदलले तर ती त्याच संस्थेत विचारायला येईल.