लडाखची मोटारसायकल मोहीम: परवाना सहज मिळतो, अडते ते आरसीवर

जून ते सप्टेंबर या काळात पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून मोटारसायकलींचे जथे लडाखकडे निघतात. अशा गटांचे अर्ज भरून देण्याचे काम मी काही वर्षे हौसेने करतो आहे. या काळात परवाना नाकारला म्हणून परत आलेले फार थोडे पाहिले. परवाना हातात असूनही नाक्यावरून मागे वळावे लागलेले मात्र पुष्कळ पाहिले. म्हणून अर्जाची रीत येथे थोडक्यात सांगतो आणि जेथे गाडी अडते त्या जागांपाशी जास्त थांबतो.

प्रथम परवाना कोठे लागतो ते पाहू. श्रीनगर–कारगिल–लेह आणि मनाली–लेह हे दोन्ही महामार्ग, खुद्द लेह शहर आणि झंस्कार यांसाठी भारतीय नागरिकाला कसलाही परवाना लागत नाही. नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरी, हानले आणि हानलेच्या पुढचा १९,०२४ फुटांवरचा उमलिंग ला (ला म्हणजे खिंड) येथे जायचे असेल तर लागतो. भारतीयांसाठीची इनर लाइन परमिटची, म्हणजे सीमेलगतच्या भागात जाण्याच्या परवान्याची, अट ऑगस्ट २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली, ही बातमी बहुतेकांच्या वाचनात आलेली असते आणि तिच्या भरवशावर काही जण काहीच न भरता निघतात. अट गेली, तरी ऑनलाइन अर्ज, पर्यावरण शुल्क आणि त्याची छापील प्रत या गोष्टी राहिल्याच, आणि लेहमध्ये सगळेजण त्या कागदाला आजही ‘परमिट’च म्हणतात. अट रद्द झाल्याचे जाहीर करायचे आणि कागद मात्र चालू ठेवायचा, यात सामान्य माणसाचा गोंधळ होणारच. नाक्यावरच्या शिपायाशी त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

अर्ज लेह जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायचा असतो. नावे, ओळखपत्र, जाण्याची ठिकाणे आणि तारखा भरून पैसे भरले की परवाना निघतो. पर्यावरण शुल्क माणशी ४०० रुपये आहे आणि वन्यजीव शुल्क दिवसाला २० रुपये आहे. त्याखेरीज आणखी किरकोळ रक्कम जोडली जाते आणि दर बदलतातही, त्यामुळे भरण्याच्या दिवशी पडद्यावर दिसेल तो आकडा खरा मानावा.

तारखांमध्ये होणारी चूक जवळजवळ ठरलेली आहे. अर्जातील ‘पासून’ या रकान्यात लोक घरून निघण्याची तारीख घालतात. पुण्याहून मनाली सुमारे दोन हजार किलोमीटर आहे. तेथून लेह आणखी सव्वाचारशे किलोमीटर आहे, आणि लेहला पोचल्यावर उंचीची सवय होण्यासाठी दोन दिवस काढावेच लागतात. म्हणजे १ जुलैला निघालेला गट नुब्राच्या रस्त्याला लागतो तो ९-१० जुलैच्या सुमारास, आणि तोवर परवान्याचे निम्मे दिवस घाटांत आणि ढाब्यांवर संपलेले असतात. तारीख लेहहून पुढे निघण्याची घालावी आणि शेवटी दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. दरड कोसळून किंवा हिम पडून रस्ता बंद झाला, तर त्या दिवसांची वाढीव फी वीस-वीस रुपयांच्याच हिशेबाने पडते.

मागे बसणाऱ्याचे नाव राहून जाणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. परवाना गाडीला मिळत नाही, तो माणसाला मिळतो. दहा गाड्यांवर चौदा माणसे असतील तर नावे चौदा हवीत, आणि त्यांत मुलगा-मुलगी असेल तर त्यांचेही नाव हवे. ओळखपत्र म्हणून आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट द्यावा. पॅनकार्डावर पत्ता नसतो, त्यावर भिस्त ठेवू नये.

आता ज्या मुद्द्यावर घोडे पेंड खाते त्याकडे येतो. लडाखबाहेर भाड्याने घेतलेली मोटारसायकल, मग ती मनालीची असो, श्रीनगरची किंवा दिल्लीची, लेहपर्यंत येऊ शकते, पण नुब्रा किंवा पँगाँगकडे तिला जाऊ दिले जात नाही. तेथे जायचे तर लेहमध्येच स्थानिक गाडी भाड्याने घ्यावी लागते. उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांवर ज्यांचे वर्षाचे पोट चालते त्या स्थानिक व्यावसायिकांचा हा आग्रह आहे आणि तो समजण्यासारखा आहे. अडचण अशी की खासगी नंबराच्या गाड्याही चोरून भाड्याने दिल्या जातात, म्हणून तपासणारा माणूस गाडी भाड्याची की खासगी हे सांगणाऱ्या नंबरपाटीच्या रंगावर समाधान मानत नाही. तो आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, मागतो, तुमचे आधार मागतो आणि दोन्हींवरची नावे शेजारी ठेवून वाचतो.

येथे मित्राची गाडी घेऊन आलेल्याची खरी पंचाईत होते. त्याने कोणालाही भाडे दिलेले नसते, मित्राने निव्वळ प्रेमाने चावी दिलेली असते, परंतु ते सिद्ध करण्याचा एकही कागद त्याच्याजवळ नसतो. मालकाने लिहून दिलेले संमतिपत्र आणि त्याच्या आधारची प्रत एका ठिकाणी चालते आणि पुढच्या ठिकाणी चालत नाही. वडिलांच्या किंवा सख्ख्या भावाच्या नावावरची गाडी असेल तर नाते दाखवणारा कागद आणि नोटरी केलेले पत्र यांवर बहुधा निभावते. मित्राच्या गाडीवर मात्र मोहीम आखूच नये, असे मी आता स्पष्ट सांगतो. गाडी स्वतःचीच असूनही अडलेल्या एका ताईंचे उदाहरण आहे. त्यांच्या आरसीवर माहेरचे नाव होते आणि आधारवर सासरचे. विवाह नोंदणीचा दाखला घरी कपाटात होता. भाऊ दोन तास त्या कपाटात शोधत होता आणि इकडे त्या नाक्याशेजारच्या दगडावर बसून होत्या. ज्यांची नावे अशी बदललेली आहेत त्यांनी तो दाखला किंवा राजपत्राची प्रत जवळ ठेवावी.

हाच प्रसंग आणखी एक गोष्ट शिकवतो. दाखल्याचा फोटो सापडल्यावरही तो त्यांच्या फोनवर येईना, कारण सिम प्रीपेड होते. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम लडाख आणि जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागते, आणि तेही लेह सोडल्यावर मैलोगणती मुके असते. डिजिलॉकरमधील लायसन्स आणि आरसी कायद्याने मूळ कागदांइतकीच ग्राह्य आहेत, हे खरे. पण ती उघडायला नेटवर्क लागते. म्हणून आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी हे चारही कागद छापील स्वरूपात न्यावेत. पीयूसीची मुदत सर्वांना वर्षाची नसते. बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे मानक) आणि त्यापुढच्या गाड्यांना ती वर्षाची आणि त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची असते. जुन्या बुलेटवाल्यांनी ही तारीख निघण्यापूर्वी पाहावी.

काही कागद गरज नसताना गोळा केले जातात. दुसऱ्या राज्यात जायचे म्हणून आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र मागायला लोक दोन-दोन दिवस रांगेत उभे राहतात. ते प्रमाणपत्र गाडीची नोंदणी कायमची दुसरीकडे हलवणाऱ्यासाठी असते. बारा महिन्यांपेक्षा कमी काळासाठी परराज्यात जाणाऱ्या गाडीला त्याची गरज नाही, आणि उगाच ते काढले तर परत आल्यावर ते रद्द करून घेण्याचा नवा व्याप मागे लागतो. रोहतांगच्या परवान्याचेही तसेच आहे. तो हिमाचलचा असून प्रत्यक्ष खिंडीवरून जाणाऱ्यांसाठी आहे. दिवसाला १,२०० गाड्यांची मर्यादा आणि मंगळवारची बंदी ही बंधने त्याच खिंडीची आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून जाणाऱ्याला तो लागत नाही, आणि लडाखच्या नाक्यावर त्या कागदाला कोणी विचारत नाही.

गटात परदेशस्थ कोणी असेल तर त्याचा विचार सर्वांत आधी करावा. अमेरिकेहून आलेला मावसभाऊ घरात कितीही आपला असला आणि त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले, तरी कागदोपत्री तो परदेशी नागरिक आहे. त्याचे नाव भारतीयांच्या अर्जात घालता येत नाही. त्याला प्रोटेक्टेड एरिया परमिट, म्हणजे परदेशी नागरिकांसाठीचा वेगळा परवाना, लागते. ते लेहमधील नोंदणीकृत प्रवासी कंपनीमार्फत काढावे लागते आणि त्यासाठी किमान दोन परदेशी प्रवासी असावे लागतात. भारतीयांना खुले असलेले सगळे रस्ते त्याला खुले असतीलच असेही नाही, म्हणून मार्ग आखण्यापूर्वीच चौकशी करावी. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय मात्र आपल्यासारखाच अर्ज भरतो. या दोघांतला फरक कित्येक कुटुंबांना ऐन वेळी, आणि तोही लेहमध्ये, कळतो.

याच मावसभावाच्या बॅगेत उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र असण्याचा संभव असतो. नेटवर्क नसलेल्या प्रदेशात ते जीव वाचवते, म्हणून तो ते सद्भावनेनेच आणतो. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणे हा गुन्हा आहे. २०२४ च्या अखेरीस गोव्याच्या विमानतळावर अशाच यंत्रांवरून परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली होती. ते घरीच ठेवायला सांगावे.

गाडी रेल्वेने पुढे पाठवणाऱ्यांनी टाकी पूर्ण रिकामी करून, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती घेऊन पार्सल कार्यालयात जावे. गाडी आपल्याच रेल्वेने येईल असे गृहीत धरू नये, दोन दिवस हाताशी ठेवावेत.

परवान्याच्या झेरॉक्स प्रती लेहमध्येच काढाव्यात, कारण साउथ पुल्लू, कारू, माहे, लोमा अशा नाक्यांवर एकेक प्रत ठेवून घेतली जाते आणि पुढे झेरॉक्सचे दुकान नाही. गट एकत्रच राहिला तर आठ-दहा प्रती पुरतात. मात्र त्या सगळ्या म्होरक्याच्या पाठपिशवीत ठेवू नयेत. लेहमध्ये एखाद्याचे डोके दुखू लागते, तो आणि त्याचा सोबती एक दिवस मागे राहतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साउथ पुल्लूला पोचतात, तेव्हा त्यांची नावे असलेला कागद खारदुंग ला ओलांडून नुब्रात गेलेला असतो. प्रत्येक गाडीवर तीन प्रती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आरसीसोबत असाव्यात.