मोटारबोटींच्या शर्यती आणि न्यायालये: इंग्लंडमधील वादाची पार्श्वभूमी

मोटारबोटींच्या शर्यतींवरील खटले आज पर्यावरणाच्या सदरात मोडतात. इंग्लंडमध्ये मात्र त्यांचे मूळ शेजाऱ्याच्या उपद्रवाविषयीच्या जुन्या दिवाणी कायद्यात आहे.

ग्लॉस्टरशायरमधील फेअरफर्ड येथील कृत्रिम तलावावर कोट्सवोल्ड मोटर बोट रेसिंग क्लबाच्या शर्यती १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाल्या. पुढे शर्यतींचे दिवस वाढत गेले आणि बोटी अधिक मोठ्या व कर्कश झाल्या. तलावालगत घर बांधून १९७२ मध्ये राहायला आलेल्या एका महिलेने दावा दाखल केला, तेव्हा कनिष्ठ न्यायालयाने उपद्रव मान्य केला. परंतु खेळात लोकांचे हित आहे असे म्हणून मनाईहुकूम नाकारला आणि पुढील काळातील त्रासाच्या १५,००० पौंडांसह एकूण १६,००० पौंडांची भरपाई देवविली. थोडक्यात, पैसे मोजून गोंगाटाचा हक्क विकत घेण्याची ती मुभा होती. अपील न्यायालयाने १९८० मध्ये १८९५ च्या शेल्फर निकालाचा (भरपाई देऊन उपद्रव चालू ठेवण्याची मुभा सहसा देऊ नये, असे सांगणाऱ्या) आधार घेऊन हा मार्ग बंद केला. त्याने शर्यती थांबवल्या नाहीत, तर त्यांचा रतीब ठरवून दिला: वर्षात तीन दिवसांची एक आंतरराष्ट्रीय, दोन दिवसांच्या दोन राष्ट्रीय आणि एक दिवसाच्या तीन क्लब-स्पर्धा, आणि एरवी ७५ डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजाच्या बोटींना मज्जाव.

हा उपाय काठावर घर असणाऱ्याच्या कामाचा होता. राष्ट्रीय उद्यानातील सरोवरावर शांततेसाठी येणाऱ्या पर्यटकाने कोणत्या हक्काने दाद मागावी, हा प्रश्न इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील विंडरमियर सरोवरावर पुढे आला. तेथील उद्यान प्राधिकरणाने ताशी १० मैलांची मर्यादा घालणारा उपविधी (स्थानिक नियम) प्रस्तावित केला. बोटव्यावसायिक आणि वॉटर स्कीइंग करणाऱ्यांनी सार्वजनिक नौकानयनाचा हक्क व स्थानिक रोजगार पुढे करून त्याला विरोध केला. दीर्घ चौकशीनंतर झालेली अनुकूल शिफारस सरकारने आधी फेटाळली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि अखेर २००० मध्ये मंजूर झालेला उपविधी पाच वर्षांच्या सवलतीनंतर मार्च २००५ पासून अमलात आला. या वादात पाण्यातील प्रदूषणापेक्षा वेग, आवाज आणि इतरांच्या विरंगुळ्याला होणारी बाधा यांनाच अधिक वजन मिळाले, हे विशेष.

वेगमर्यादेमुळे विंडरमियरवर वर्षानुवर्षे भरणारा वेगविक्रमांचा सप्ताह जवळच्या कॉनिस्टन सरोवरावर हलला. ब्रिटिश वेगविक्रमवीर डोनाल्ड कॅम्पबेल यांचा १९६७ मध्ये पाण्यावरील वेगाच्या विक्रमाच्या प्रयत्नात मृत्यू झाला ते सरोवर हेच. वेगमर्यादा तेथेही आहे. मात्र या सप्ताहापुरती, पर्यटकांची गर्दी ओसरलेल्या नोव्हेंबरमध्ये, तिच्यातून सूट दिली जाते.